पापण्या लावल्यात हे कळू नये म्हणून

गेल्या वर्षी आत्याच्या मुलाचं लग्न होतं. मुहूर्त अकराचा. सकाळी साडेसातला आत्या शनिवार पेठेतल्या घरात खिडकीशी खुर्ची ओढून बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हे बघ, वरमाय आहे मी. डोळे जरा भरलेले दिसू देत. पण कार्यालयात एकीनेही म्हणता कामा नये, की हिने काहीतरी चिकटवलंय."

आत्याची साठी उलटलेली, पापण्यांचे केस विरळ झालेले, त्यात रोजचा चष्मा. खोट्या पापण्या लावायला दोन्ही डोळ्यांना मिळून चाळीस मिनिटं लागली. दिवसभरात तिला तिघीजणींनी विचारलं, झोप छान झालेली दिसते गं तुझी. पापण्यांचा विषय कुणी काढला नाही.

मी पुण्यात लग्नांचे मेकअप करते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीवर बसवते. पहिल्यांदा लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची समजूत अशी असते, की कौशल्य चिकटवण्यात आहे. खरं काम त्याच्या आधी, कात्री हातात असताना होतं. पापणी तुमच्या डोळ्याच्या मापाची कापलेली असेल तर नवख्या हातानेही ती नैसर्गिक बसते. मापात नसेल तर कितीही सफाईने लावा, ती लांबूनच ओळखू येते.

सुरुवातीला एक शब्दाचा घोळ मिटवते. आपण डोळ्यावरच्या कातडीलाही पापणी म्हणतो आणि तिच्या कडेच्या केसांनाही पापणीच म्हणतो. त्यामुळे "पापणीवर लाव" असं सांगितलं की कुणी केसांवर ग्लू लावतं, कुणी वर कातडीच्या मध्यावर. खोट्या लॅशेस चिकटतात त्या कातडीला, आपल्या केसांच्या मुळांना अगदी खेटून. केसांवर नाही आणि डोळ्याच्या आतल्या ओल्या कडेवर तर मुळीच नाही. पुढे गोंधळ नको म्हणून खोट्या केसांना मी लॅश म्हणेन, ते ज्या दोऱ्यावर गुंफलेले असतात तिला पट्टी.

आधी मोजा, मग विकत घ्या

घरातली मुलांची मोजपट्टी घ्या, आरशासमोर उभ्या राहा आणि नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडच्या कोपऱ्यापर्यंत डोळ्याची रुंदी मोजा. डोळ्याला मोजपट्टी टेकवायची नाही, खाली गालावर धरायची. बहुतेकींची रुंदी ३० मिलिमीटरच्या आसपास भरते. तिचा एक तृतीयांश म्हणजे साधारण १० मिलिमीटर. लॅशच्या सगळ्यात लांब केसाची लांबी याच्या आसपास ठेवा, फार पुढे जाऊ नका.

एक तृतीयांश हा आकडा मी मनाने काढलेला नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या, आणि लहान-मोठ्या प्राण्यांत हेच प्रमाण दिसलं: केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. या लांबीला डोळ्यावरून वाहणारी हवा सगळ्यात चांगली अडते, ओलावा टिकतो आणि धूळ कमी बसते. केस याहून बरेच लांब झाले तर ते उलट हवा डोळ्याकडे वळवतात. खूप लांब लॅशेस लावून दिवसभर हिंडलं की डोळे कोरडे पडल्यासारखे का वाटतात, याचं एक कारण मला तिथे सापडलं. आपली नजरही हेच प्रमाण बघायला सरावलेली असावी, असं मला वाटतं. १४-१५ मिलिमीटरच्या लॅशेस रंगमंचावर शोभतात. बालगंधर्वच्या शेवटच्या रांगेतून डोळे दिसायला हवेत, तिथे त्यांचं काम आहे. लग्नात समोरची बाई दोन फुटांवर उभी राहून तुमच्याशी बोलत असते.

खरेदीला तुळशीबागेत जा, रविवार पेठेत जा, कॅम्पात जा, कुठेही जा, पण शक्यतो दिवसा जा आणि जोडी दुकानाच्या दारात आणून उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सगळ्याच लॅशेस छान दिसतात. पाच गोष्टी बघायच्या. पट्टी पारदर्शक आणि दोऱ्यासारखी बारीक हवी. काळी जाड पट्टी असेल तर ती जोडी परत ठेवा, मग केस कितीही सुंदर असोत. केसांची टोकं निमुळती हवीत, ब्रशसारखी बोथट नकोत. सगळे केस एकाच लांबीचे नकोत; आपले नसतात. केस एकमेकांना छेदून जाणारे, थोडे विस्कळीत असावेत. आणि नाकाकडच्या बाजूचे केस आखूड, कानाकडे लांब होत गेलेले असावेत.

रंगाचंही बघा. सरसकट सगळे काळ्या घेतात. डोळे घारे असतील, केस तपकिरी असतील किंवा आत्यासारखे पिकलेले असतील, तर गडद तपकिरी लॅश जास्त आपली वाटते. ती सगळ्या दुकानांत मिळत नाही, विचारावी लागते.

महागड्या जोडीचा आग्रह नाही. शिकताना तर स्वस्तातल्या दोन-तीन जोड्या आणा आणि बिनधास्त कापा. चुंबकाच्या लॅशेसबद्दल मुली विचारतात. त्या वापरता येतात, पण चुंबकांमुळे पट्टी जड होते आणि त्यासाठीचं आयलायनर जाड ओढावं लागतं. नैसर्गिक दिसायचं असेल तर मी त्या सुचवत नाही. आणि पार्लरमध्ये एकेका केसाला चिकटवतात ती एक्स्टेन्शन्स हा वेगळा प्रकार आहे. त्याचा ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या घरगुती गोंदाच्या कुळातला असतो. तो घरी आणून या लॅशेसना लावायचा नाही.

आपला ग्लू पट्टीच्या लॅशेससाठीचा, ओला असताना पांढरा आणि सुकल्यावर पारदर्शक होणारा घ्या. फुगे फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर ज्यांना खाज येते, त्यांनी लॅटेक्स नसलेला ग्लू मागून घ्यावा. बाकीच्यांनीही कानामागे एक थेंब लावून एक दिवस थांबावं. लग्नाच्या सकाळी डोळा सुजून बसणं काय असतं, ते मी एका नवरीच्या धाकट्या बहिणीचं पाहिलंय. बिचारी सगळ्या फोटोंत गॉगल लावून उभी होती. तेव्हापासून आदल्या दिवशी कानामागे थेंब लावल्याशिवाय मी कुणाच्या डोळ्याला ग्लू लावत नाही.

कात्री

नवीन जोडी डबीतून उपटू नका. कानाकडच्या टोकाला चिमट्याने पट्टी धरा, केस नाही, आणि हळूहळू सोलत आणा. मागे डबीचा गोंद लागलेला असतो, तो चिमट्याने काढून टाका. मग पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून मिनिटभर धरा. डबीत ती ताठ असते आणि तिचा बाक डोळ्याइतका नसतो. ताठ पट्टी चिकटवली की तासाभरात कोपरे उचकटायला लागतात. गुंडाळल्यावर ती मऊ होते आणि डोळ्याचा बाक धरते.

आता ग्लू न लावताच ती डोळ्यावर नुसती धरून बघा. नाकाकडच्या कोपऱ्याला अगदी टेकवायची नाही. तुमचे स्वतःचे केस जिथे सुरू होतात तिथून, म्हणजे कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. दुसरं टोक तुमच्या शेवटच्या केसाच्या पुढे जाता कामा नये. उलट किंचित अलीकडे थांबलं तर चांगलं. पुढे गेलेलं टोक डोळ्याला खाली ओढतं आणि चेहरा दमलेला दिसतो. जेवढी पट्टी जास्त आहे तेवढी कानाकडच्या बाजूने कापा. आतल्या बाजूने कापलीत तर आखूड केसच निघून जातील आणि नाकाजवळ एकदम लांब केस उगवल्यासारखे दिसतील. कापताना दोन झुपक्यांच्या मधे कापा. झुपक्याची गाठ तुटली की केस गळत राहतात.

इथपर्यंत कुणीही सांगेल. पुढचं मात्र मी नवीन शिकणाऱ्यांना आग्रहाने सांगते: मापात आणलेल्या पट्टीचे तीन तुकडे करा. सलग पट्टी एकदम नीट बसवायला सवयीचा हात लागतो. एक टोक बसवावं तर दुसरं वर येतं, ते दाबावं तर मधला भाग सरकतो. सेंटिमीटरभर तुकडा बसवायला मात्र फारसं काही लागत नाही. तुकडे डोळ्याचा बाक आपोआप धरतात, डोळे मिटताना टोचत नाहीत, आणि एखादा सुटला तर तेवढाच परत लावता येतो. दोन तुकड्यांमधे बारीकशी फट राहिली तरी चालते. आपले स्वतःचे केसही कुठे असे एकसलग असतात!

तुकडे कापले की डबीच्या झाकणावर क्रमाने मांडा, उजव्या डोळ्याचे वर, डावीकडचे खाली. हे टाळलंत तर कुठला कुणाचा हे शोधण्यात पंधरा मिनिटं जातात.

आत्याच्या वेळी मी तीनातला नाकाकडचा तुकडा लावलाच नाही. मधला आणि कानाकडचा, असे प्रत्येक डोळ्याला दोन. विरळ पापण्यांना आतल्या कोपऱ्यात भर घातली की ती उठून दिसते. चष्मा होता म्हणून लांबीही कमी केली. चष्मा घालून डोळ्यांची उघडझाप करताना केस काचेला लागत असतील, तर प्रत्येक वेळी काचेवर रेघ उमटते आणि थोड्या वेळाने लॅश वाकते. लांबी कमी करताना कात्री आडवी धरून सरळ रेषेत छाटायचं नाही, टोकं बोथट होतात. कात्री उभी धरायची, केसांच्या दिशेने, आणि एकेक दोन-दोन केस वेगवेगळ्या उंचीवर टिपायचे. आत्याचा सगळ्यात लांब केस आठ-नऊ मिलिमीटरवर आणून ठेवला. मग चष्मा घालायला लावला, दहा वेळा डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. काच स्वच्छ राहिली.

तेलाचा एक थेंबही नको

लॅशचा ग्लू तेलाने सुटतो. हे लक्षात ठेवलंत तर पुण्यातल्या लग्नघरातले निम्मे घोटाळे टळतील. हळदीत तेल असतं, ते केसांच्या मुळांशी आणि पापण्यांच्या कडेला बसतं आणि एका धुण्यात जात नाही. आदल्या दिवशी हळद लागली असेल तर सकाळी पापण्यांची कड सौम्य फेसवॉशने दोनदा धुवा आणि कोरडी टिपा. घरी पाडलेलं तुपातलं काजळ त्या दिवशी फक्त खालच्या कडेला, तेही बेताने. वर लावलंत तर लॅश दुपारच्या पंगतीपर्यंत टिकणार नाही. डोक्याला तेल चोपून आलेली मुलगी असेल तर तिचं कपाळ आधी पुसून घ्या, घामाबरोबर ते तेल खाली उतरतं.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या सगळ्यात आधी घाला, मेकअपच्याही आधी. रात्री उलट: आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप आणि लॅशेस.

आयशॅडो करायची असेल तर ती उरकून घ्या. मग स्वतःचे केस कर्लरने वळवा. आपले केस सरळ खाली आणि लॅश वर वळलेली, असे दोन मजले दिसले की लपवाछपवी संपली. कर्लरने मुळाशी हळू दाबून पाच-सहा आकडे मोजा, ओढू नका. त्यावर मस्काराचा एकच पातळ हात द्या आणि तो पूर्ण सुकू द्या. लॅश लावून झाल्यावर मस्कारा लावायचा नाही. केसांच्या गुठळ्या होतात आणि ती जोडी पुन्हा वापरता येत नाही.

लावताना

पंखा बंद करा. पंख्याखाली ग्लू वरून सुकतो आणि आत ओला राहतो, मग वाटतं चिकटली आणि पाच मिनिटांत घसरते.

आरसा भिंतीवरचा नको. ताटाएवढा आरसा टेबलावर किंवा मांडीवर आडवा ठेवा, हनुवटी किंचित वर करा आणि नजर खाली आरशात. अशा वेळी पापणी ताणली जाते, केसांची मुळं स्पष्ट दिसतात आणि डोळा मिटावा लागत नाही. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा. हात थरथरतो तो बहुतेकदा अधांतरी धरल्यामुळे.

ट्यूबमधून थेट पट्टीवर ग्लू ओतला की गोळा पडतो. हाताच्या मागच्या बाजूवर एक थेंब काढा, तुकडा चिमट्यात धरा आणि पट्टीची कड त्या थेंबावरून हलकेच ओढून घ्या. केसांना ग्लू लागता कामा नये. टोकांना मात्र जरा जास्त.

आता थांबा. ग्लू लावल्या लावल्या डोळ्याला नेलेली लॅश इकडेतिकडे घसरत राहते, आणि दर वेळी सरळ करताना पांढरे डाग पडतात. ग्लू तयार झाला हे ओळखायची खूण स्वयंपाकघरातली आहे. पाक झाला की नाही हे बघायला आपण थेंब बोटांत धरून बोटं लांब करतो, आणि एक तार निघाली की गॅस बंद करतो. तसंच हातावरच्या थेंबाला काडीने स्पर्श करून उचला. पातळ पाण्यासारखा आला तर थांबा. बारीक तार निघाली, दुधाळ रंगाला कडेने पारदर्शकपणा यायला लागला, की उचला. मे महिन्यातल्या कोरड्या पुण्यात याला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. जुलैत झिमझिम लागलेली असताना मिनिटभर लागू शकतो. घड्याळापेक्षा तारेवर विश्वास ठेवा.

पहिला तुकडा कानाकडचा. चिमट्याने तो वरून खाली आणा, समोरून नाही. समोरून आणलात की डोळा मिटतो, कुणीही तसंच करेल. केसांच्या मुळांवर पट्टी टेकू द्या आणि सोडा. लगेच दाबत बसू नका. दोन सेकंद नुसती टेकू द्या, ती स्वतः जागा धरते. मग चिमट्याच्या बोथट मागच्या टोकाने पट्टी मुळांकडे सरकवा, फट राहू देऊ नका. आपल्या केसांच्या मुळांत आणि पट्टीत तांदळाच्या दाण्याएवढी जरी मोकळी कातडी दिसली तरी ती दुरून दिसते. नंतर मधला तुकडा, त्याचं टोक पहिल्याच्या टोकाला भिडेल असं. नाकाकडचा सगळ्यात शेवटी, आणि तो लावायचाच असं नाही. दोन तुकड्यांनंतर आरशात बघा. पुरेसं वाटलं तर तिथेच थांबा.

दुसऱ्या डोळ्याला आपला दुबळा हात पुढे येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी डाव्या डोळ्यासाठी हात नाकावरून आडवा आणायचा, हात बदलायचा नाही. एक डोळा पूर्ण करून मग दुसरा करण्यापेक्षा एक तुकडा इकडे, एक तिकडे असं केलंत तर दोन्ही सारखे बसतात.

दोन-तीन मिनिटं नजर खालीच ठेवा, डोळे घट्ट मिटू नका. ग्लू सुकला की तुमचे केस आणि लॅशचे केस अंगठा आणि तर्जनीत एकत्र धरून अगदी हलकेच चिमटीत दाबा, म्हणजे दोन्हींची एक ओळ होते. काळी पेन्सिल घेऊन मुळांच्या मधल्या मोकळ्या जागांत ठिपके भरा. रेघ ओढू नका, ठिपकेच. पट्टी त्यात हरवते.

ग्लू डोळ्यात गेलाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, आणि त्या दिवशी त्या डोळ्याला लॅश नको. आग थांबली नाही तर डॉक्टरांकडे जा. लग्न कुणाचंही असो.

खिडकीत उभं राहून बघा

तयार झाल्यावर आरशासमोर समाधान मानू नका. गॅलरीत किंवा खिडकीत जा आणि कुणाला तरी तीन बाजूंनी बघायला सांगा: समोरून, बाजूने आणि तुम्ही नजर खाली केल्यावर. ही तिसरी बाजू आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकं चाललेली असतात, नवरी मान खाली घालून उभी असते आणि फोटोग्राफर नेमका त्याच वेळी जवळ येतो. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतानाही तेच. खाली झुकलेल्या पापणीवर पट्टीची पूर्ण लांबी उघडी पडते. वर बघताना लपलेल्या सगळ्या फटी, वाळलेला पांढरा ग्लू, तुकड्यांचे सांधे तिथे दिसतात. म्हणूनच पारदर्शक पट्टीवर मी इतका जोर देते. जिथे पांढरं दिसेल तिथे पेन्सिलीचा ठिपका द्या.

घरी तयार होऊन स्कूटरवरून कार्यालयात जाणार असाल तर शक्यतो लॅशेस तिथे पोचूनच लावा. आपण तोंडाला स्कार्फ बांधतो तेव्हा त्याची घडी नेमकी डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर येते आणि तिथलाच तुकडा घासला जातो. अगदीच इलाज नसेल तर स्कार्फ गालाखालून घ्या, हेल्मेटची काच खाली ठेवा. सोबत ग्लू, चिमटा, चार कापसाच्या काड्या आणि टिश्यू एवढं पर्समध्ये असू द्या.

होमाजवळ बसलात की डोळ्यांतून पाणी येणारच. धूर कुणाला चुकलेला नाही. पाणी आलं की रुमालाने डोळा पुसायचा नाही. टिश्यूची एक कडा दुमडून टोक करा आणि ते खालच्या पापणीच्या आतल्या कोपऱ्याला नुसतं लावून धरा. पाणी टिश्यूत चढतं, वर काही हलत नाही. पाठवणीलाही हेच. नवरीच्या आईला मी हे आधी करून दाखवते, कारण त्या क्षणी कुणी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. तिने मनसोक्त रडावं, टिश्यू तेवढा हातात असावा.

कोपरा उचकटला तर बोटाने दाबत राहू नका. सुकलेला ग्लू पुन्हा धरत नाही. कापसाच्या काडीच्या टोकावर अगदी कणभर नवीन ग्लू घ्या, तार येऊ द्या, उचकटलेल्या टोकाखाली लावा आणि वीस सेकंद धरा.

कधी लावू नये

डोळा लाल आहे, चिकट पाणी येतंय, रांजणवाडी आहे, पापणीच्या कडेला खपल्या आहेत: अशा वेळी नाही. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून पुण्यापर्यंत डोळे येण्याची मोठी साथ होती, तेव्हा मी कित्येक बुकिंगमध्ये लॅशेस वगळल्या आणि ज्यांनी हट्ट केला त्यांना समजावून सांगितलं. एकीच्या लॅशेस दुसरीने लावायच्या नाहीत, सख्ख्या बहिणींनीसुद्धा नाहीत. मेकअप करणारीने तुमच्यासमोर नवी डबी उघडावी, असं तुम्ही हक्काने म्हणा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि लॅशेस लावून झोपायचं नाही, गाडीत डुलकी लागली तरी उशीवर डोळा घासू देऊ नका.

काढणं

रात्री थकून आल्यावर मुली लॅश टोकाला धरतात आणि ओढतात. त्याबरोबर स्वतःचे पाच-सात केस येतात. वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, आणि पडलेला केस परत पुरता वाढायला काही आठवडे ते महिने लागतात. लहानपणी गालावर पापणीचा केस सापडला की आपण तो मुठीच्या मागे ठेवून, मनात इच्छा धरून फुंकर मारायचो. असा एखादा केस आपोआप गळणं स्वाभाविकच आहे. ओढून काढलेल्या केसांचं मात्र वाईट वाटतं, कारण पुढच्या वेळी लॅश लपवायला आपलेच केस कमी पडतात.

कापसाच्या चकतीवर मेकअप रिमूव्हर किंवा मायसेलर वॉटर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट ठेवा. घासू नका. मग कानाकडचं टोक चिमट्याने उचलून बघा. सहज आलं तर सोलत आणा, अडलं तर पुन्हा चकती. जोडी पुन्हा वापरायची असेल तर रिमूव्हर बिनतेलाचा घ्या. नसेल वापरायची, तर काडीवर घेतलेला खोबरेल तेलाचा थेंबही चालतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका आणि नंतर कड नीट धुवा.

काढलेले तुकडे टिश्यूवर ठेवून पट्टीवरचा जुना ग्लू चिमट्याने सोला. तो रबरासारखा निघतो. कापसाच्या काडीवर मायसेलर वॉटर घेऊन केस मुळाकडून टोकाकडे पुसा, रात्रभर वाळू द्या आणि डबीतल्या गोल साच्यावर परत बसवा, म्हणजे बाक टिकतो. केस गळायला लागले किंवा पट्टी वेडीवाकडी झाली की टाकून द्या. ग्लूच्या ट्यूबवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. वास बदलला, घट्ट झाला किंवा पाणी वेगळं दिसलं तर तो डोळ्याजवळ न्यायचा नाही.

आत्याने त्या रात्री चारही तुकडे स्वतः काढले. मी शेजारी बसून नुसती बघत होते. एकही केस निघाला नाही. आता सुनेच्या डोहाळजेवणाला पुन्हा लावायचे म्हणते. डबी तिने कपाटात पैठणीच्या घडीवर ठेवली आहे. ग्लू मात्र मी नवीन आणायला सांगितला आहे, आणि आणला की आधी कानामागे एक थेंब.